दुसऱ्याचं भरतकाम बघा, पण विका तुमचंच!



भरतकामाच्या व्यवसायावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. व्हिडिओत वेळ मोजका असतो, त्यामुळे एक महत्त्वाचा मुद्दा धावत सांगावा लागला. तो इथे सविस्तर मांडला आहे. चहा घेऊन निवांत वाचा आणि जवळ वही-पेन ठेवा, कारण शेवटी गृहपाठ आहे.

आधी एक काम करा. फोनमध्ये तुम्ही 'सेव्ह' करून ठेवलेली भरतकामाची डिझाइन्स उघडा. लाकडी रिंगमध्ये नवरा-बायकोचं नाव आणि लग्नाची तारीख, बाजूला लव्हेंडरची फुलं. बाळाचं नाव आणि ढगावर झोपलेलं अस्वल. टोट बॅगवर सूर्यफूल. बरोबर ना? आता असा विचार करा, हीच चित्रं आणखी किती जणींच्या फोनमध्ये असतील? भूगावच्या ताईंकडे आहेत, नाशिकच्या ताईंकडे आहेत, जयपूर आणि कोचीलाही आहेत. सगळ्यांनी तीच वस्तू बनवली, तर कस्टमर काय विचारणार? एकच प्रश्न: "कितीला देता?"

इथेच धंदा अडकतो. वस्तू सारखी असली की तुलना फक्त भावाची होते, आणि भावाच्या स्पर्धेत हातानं काम करणारा माणूस नेहमी हरतो. सहा-सात तास मान मोडून केलेलं काम मशीनवर अर्ध्या तासात निघणाऱ्या मालाशेजारी ठेवलं जातं.

मग दुसऱ्याचं काम बघायचंच नाही का? बघायचं! भरपूर बघायचं. जगातला कुठलाही कलाकार दुसऱ्यांचं काम बघूनच घडतो. फरक पडतो तो बघून काय उचललं यावर.

माधवी पारेख यांनी काय उचललं?

एक खरं उदाहरण घेऊया. माधवी पारेख या आजच्या नामवंत भारतीय चित्रकार. जन्म 1942, गुजरातमधल्या संजया या गावी. कलाशिक्षणाची पदवी नाही. त्यांचे पती मनू पारेख मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. 1964 च्या सुमारास, पहिल्या बाळाच्या वेळी घरात असताना माधवीताईंनी चित्रं काढायला सुरुवात केली. पतीनं त्यांच्या हातात पॉल क्ले या युरोपियन चित्रकाराचं एक छोटं पुस्तक दिलं. त्यात बिंदू, रेषा, चौकोन, त्रिकोण यांपासून सुरू होणारे धडे होते. ते त्यांनी गिरवले.

आता नीट लक्ष द्या. क्लेसारखीच चित्रं काढून त्या थांबल्या असत्या, तर आज त्यांचं नाव कुणी घेतलं नसतं. त्यांनी क्लेकडून सराव करण्याची पद्धत घेतली. साध्या आकारापासून सुरुवात कशी करायची, हे त्या शिकल्या. चित्रात मात्र त्यांचं गाव आलं. अंगणातली रांगोळी, घरातलं भरतकाम, जत्रा, प्राणी, देव्या, लहानपणी ऐकलेल्या गोष्टी. त्यामुळे त्यांचं चित्र दुरून पाहिलं तरी ओळखू येतं.

गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी 2022 मध्ये पॅरिसच्या रोदँ संग्रहालयाच्या आवारात दिओर या फॅशन कंपनीचा शो झाला. त्या मंडपाच्या भिंतींवर माधवी आणि मनू पारेख यांच्या चित्रांवरून केलेली प्रचंड मोठी भरतकामं लावली होती. ती कुठे तयार झाली? आपल्या मुंबईत! करिश्मा स्वाली यांच्या नेतृत्वाखालच्या चाणक्य या संस्थेच्या कारागिरांनी आणि चाणक्य स्कूल ऑफ क्राफ्टनं ती केली. ही शाळा 2016 मध्ये सुरू झाली आणि तिथे महिलांना भरतकाम शिकवलं जातं. आरी आणि जरदोजीच्या कारखान्यांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुष कारागीर बसत आले आहेत, हे लक्षात घेतलं तर या गोष्टीचं मोल कळेल.

म्हणजे साखळी बघा. गावातली रांगोळी आणि भरतकाम बघून चित्रकार घडली, आणि तिची चित्रं बघून मुंबईत पुन्हा भरतकाम घडलं. प्रत्येक टप्प्यावर प्रेरणा घेतली गेली आणि प्रत्येक टप्प्यावर नवीन काहीतरी घातलं गेलं. ब्रशचा एक फटकारा दोऱ्यात आणायचा म्हणजे किती निर्णय असतात! तिथे साखळी टाका घालायचा की धावदोरा? दोरा एकपदरी की सहापदरी? टाक्याची दिशा आडवी की तिरपी? हे निर्णय करणाऱ्याचे स्वतःचे असतात. आणि मूळ चित्रकाराचं नाव उघडपणे सांगितलं गेलं, हे विसरू नका. त्या मुद्द्याकडे पुढे येऊ.

"आमच्या मुळशीत बघण्यासारखं काय आहे?"

हा प्रश्न हमखास येतो. म्हणून आधी घरातलंच कपाट उघडा. आजीची गोधडी आहे ना? तीच तुमची पहिली शाळा.

गोधडी म्हणजे काय? जुनी लुगडी, धोतरं, साड्या एकावर एक अंथरायच्या आणि सगळे थर धावदोऱ्यानं एकत्र शिवायचे. वापरून मऊ झालेलं कापड, त्यामुळे अंगाला ऊब आणि मनाला माया. टाका इतका साधा की शाळेतली मुलगीही घालेल. पण तोच टाका ओळीनं हजारो वेळा पडला की कापडावर लाटा उठतात, सावली तयार होते. आज जगभर 'स्लो स्टिचिंग' म्हणून हौसेनं जे शिकलं जातं, ते आपल्या आज्यांनी पावसाळ्याआधी अंगणात बसून केलेलं आहे.

हेच काम दुसऱ्यांनी कसं केलं, ते आता बघा. बेळगावच्या खाली, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाज राहतो. मूळचे आफ्रिकेतून आलेले हे लोक. त्यांच्या बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची 'कवंदी' शिवतात. सुरुवात एका कोपऱ्यापासून. कडेकडेनं तुकडे जोडत, टाके घालत मध्याकडे यायचं. शेवटी चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची छोटी 'फुलं' लावायची. ती नसली तर कवंदी अपुरी मानतात. भडक लाल, पिवळे, निळे तुकडे शेजारी शेजारी येतात आणि तरी सगळं एकजीव दिसतं.

आणखी लांब जा. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या कृष्णवर्णीय, शेतावर राबणाऱ्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवायच्या. कारण एकच, थंडी आणि गरिबी. 1970 च्या दशकात त्या भागातल्या महिलांच्या सहकारी संस्थेला सीअर्स या मोठ्या दुकानाकडून कॉर्डरॉय कापडाच्या उशीच्या कव्हरची ऑर्डर मिळाली. उरलेल्या कॉर्डरॉयच्या चिंध्या घरी आल्या आणि त्यांतून वेगळ्याच गोधड्या तयार झाल्या. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं, मग न्यूयॉर्कला गेलं. 2006 मध्ये अमेरिकन टपाल खात्यानं त्यांच्यावर तिकिटं काढली. पांघरायची वस्तू भिंतीवर गेली, कारण प्रत्येकीचा हात वेगळा ओळखू येत होता.

आता हे तिन्ही फोटो शेजारी ठेवा: आजीची गोधडी, कवंदी, जीज बेंडची गोधडी. कुणी कुणाची नक्कल केलेली नाही, तरी तिघी बहिणी वाटतात. अशी तुलना करायला शिकलात की तुमचा डोळा तयार होतो.

आणि मुळशीत बघण्यासारखं काय, तर हे घ्या:

- भातखाचरांचे बांध. पावसाळ्यात उंचावरून बघा. वेड्यावाकड्या चौकटी, प्रत्येकीचा हिरवा वेगळा. हे तयार गोधडीचं डिझाइन आहे.
- इरलं. भातलावणीला डोक्यावर घ्यायचं बांबूचं आणि पानांचं आच्छादन. त्याची वीण कागदावर उतरवून बघा.
- ताम्हिणीचे धबधबे. पांढऱ्या दोऱ्याचा नुसता उभा धावदोरा, लहान-मोठ्या टाक्यांचा.
- कारवी. सात वर्षांनी एकदा फुलणारं हे झुडूप. त्याची जांभळी घंटेसारखी फुलं लव्हेंडरच्या जागी घातलीत, तर कस्टमर विचारेल, "हे कुठलं फूल?" तिथून तुमची गोष्ट सुरू होते.
- मुळशी धरणाचं पाणी. या पाण्याखाली गावं आणि शेतं गेली. त्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. तुमच्या घरात कुणाच्या आठवणीत बुडालेलं गाव असेल, तर तो विषय हक्कानं तुमचा आहे.

हे तुमच्याच आसपास आहे आणि फोनवर फुकट मिळणाऱ्या डिझाइन्सच्या फोल्डरमध्ये ते सापडणार नाही.

अडचण आली तर? कच्छच्या पाबीबेन

"आमच्याकडे भारी मटेरियल नाही, कोर्स केलेला नाही," असं म्हणणाऱ्यांसाठी हे उदाहरण. कच्छमधल्या ढेबरिया रबारी समाजात मुलीच्या लग्नासाठी भरतकामाचे ढीग लागायचे. ते पुरं करता करता लग्नं लांबत. म्हणून 1990 च्या दशकात समाजानं स्वतःच्या वापरासाठीच्या हाताच्या भरतकामावर बंदी घातली. कला संपली असती. पण तिथल्या बायकांनी बाजारातल्या तयार लेस, रिबिनी आणि पट्ट्या मशीननं जोडून तशीच झगमग साधली. 'हरी जरी' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या कामातून पाबीबेन रबारी यांनी बॅगा बनवल्या, स्वतःच्या नावाचा ब्रँड उभा केला आणि गावातल्या बायकांना काम दिलं. शाळा त्यांनी चौथीपर्यंतच शिकलेली.

त्यांनी बाजारातली लेस बघितली, पण डोळ्यात भरतकाम जुनंच होतं. साहित्य नवं, नजर आपली. याला म्हणतात प्रेरणा घेणं.

प्रेरणा कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते?

हा भाग दोनदा वाचा, कारण यात पैसे आणि अब्रू दोन्ही आहेत.

जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं की या चपलांमागे भारतीय पारंपरिक पादत्राणांची प्रेरणा आहे.

आपण सगळे चिडलो. बरोबरच होतं. पण मग दुसऱ्या कलाकाराचं रिंगमधलं डिझाइन जसंच्या तसं भरून, वर आपला लोगो लावणं हे वेगळं कसं? कंपनी मोठी आणि आपण लहान, एवढाच फरक आहे.

कायद्यातल्या तीन गोष्टी सोप्या भाषेत:

1. कलाकृती तयार झाली की कॉपीराइट आपोआप लागू होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. म्हणून 'इंटरनेटवर होतं' याचा अर्थ 'फुकट होतं' असा होत नाही. कार्टूनमधली पात्रं भरून विकणंही यातच येतं.

2. एकच डिझाइन तुम्ही मोठ्या संख्येनं वस्तूंवर वापरणार असाल, तर 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करता येते. संरक्षण 10 वर्षांचं, पुढे आणखी 5 वर्षं वाढवता येतं. मात्र डिझाइन नवीन असावं लागतं. आधी इन्स्टाग्रामवर टाकलं आणि मग नोंदणीला गेलात, तर अडचण येते. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी अर्ज, मग पोस्ट.

3. वारली चित्रकलेसारख्या समाजाच्या कलेला भौगोलिक मानांकन आहे. ती शैली वापरायची असेल, तर त्या कलाकारांबरोबर काम करा, त्यांना मोबदला द्या, त्यांचं नाव लिहा.

रोजच्या कामासाठी एक साधी कसोटी वापरा. मूळ कलाकार तुमच्या स्टॉलवर आली, तर तुम्ही तिला तुमचं काम अभिमानानं दाखवाल की घाईनं झाकाल? झाकावंसं वाटलं, तर ते डिझाइन विकू नका. शिकण्यासाठी घरी जरूर भरा. सरावाला कुणाची हरकत नसते, प्रश्न विक्रीचा असतो.

आपलं डिझाइन असेल तर भाव कसा बदलतो?

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा, पिरंगुटच्या एक ताई धावदोऱ्याचं एक कुशन कव्हर करतात. कापड 90 रुपये, दोरे 40, चेन आणि शिलाई 50, पॅकिंग 20. झाले 200. काम 7 तासांचं.

डिझाइन फोनवरून उचललेलं आहे आणि बाजारात तसलंच कव्हर 350 ला मिळतं, म्हणून त्याही 350 लाच देतात. 350 वजा 200, राहिले 150. भागिले 7 तास. तासाला जेमतेम 21 रुपये! याला व्यवसाय म्हणायचं का?

आता दुसरा मार्ग. त्याच ताई भातखाचरांच्या बांधांवरून स्वतःचं डिझाइन करतात. साहित्य तेच, 200. मजुरी तासाला 70 धरली तर 490. डिझाइन करायला 10 तास लागले, ते 20 नगांवर विभागले, म्हणजे नगाला अर्धा तास, 35 रुपये. बेरीज 725. वीज, प्रवास, स्टॉलचं भाडं यांसाठी 75 धरा. झाले 800. त्यावर 200 नफा. विक्रीची किंमत 1000.

"हजार रुपये कोण देणार?" असं लगेच म्हणू नका. आपल्या तालुक्याचा नकाशा बघा. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात आहे. लवळ्याला विद्यापीठं आहेत. धरणाच्या बाजूला रिसॉर्ट आणि फार्महाउस आहेत. तिथे येणाऱ्या माणसाला मुळशीची आठवण म्हणून काहीतरी घरी न्यायचं असतं. सूर्यफुलाची बॅग त्याला पुण्यातही मिळते. बांधांचं कुशन, सोबत 'हे कुठून आलं' सांगणारी चार ओळींची चिठ्ठी, हे त्याला फक्त तुमच्याकडे मिळेल. डिसेंबरमध्ये पुण्यात भरणाऱ्या भीमथडी जत्रेसारख्या ठिकाणी एकदा नुसतं फिरून या. कुठल्या स्टॉलवर गर्दी थांबते, कुठल्या स्टॉलवर फक्त भाव विचारून लोक पुढे जातात, याची नोंद करा.

सगळीच गिऱ्हाइकं हजार देणार नाहीत, हेही खरं. म्हणून त्याच डिझाइनचा छोटा तुकडा बुकमार्कवर, पाऊचवर किंवा चावीच्या लटकनावर करा. हा माल दीडशे-दोनशेत देता येतो. मोठी वस्तू तुमचं नाव करते, छोटी वस्तू रोजचा गल्ला भरते.

एक कागदपत्राचं कामही उरका. केंद्राच्या विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालयाकडून कारागिरांना 'पहचान' ओळखपत्र मिळतं. सरकारी प्रदर्शनं आणि योजनांसाठी ते उपयोगी पडतं. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. बचत गटात असाल तर 'उमेद'च्या ताईंना प्रदर्शनांबद्दल विचारा.

21 दिवसांचा गृहपाठ

पहिला आठवडा: फक्त बघा. रोज एका कलाकाराचं एक काम निवडा. भरतकाम असेल, चित्र असेल, गोधडी असेल. वहीत तीन ओळी लिहा. मला काय आवडलं? ते त्यांनी कसं साधलं (रंग, टाका, रिकामी जागा)? यातली कुठली गोष्ट मी माझ्या विषयावर वापरू शकते? कलाकाराचं नाव लिहायला विसरू नका.

दुसरा आठवडा: फोन बाजूला ठेवा. रोज घराबाहेरची एक गोष्ट कागदावर काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. बिंदू, रेषा, चौकोन, एवढ्यावर भागवा. माधवी पारेख यांनीही तिथूनच सुरुवात केली होती.

तिसरा आठवडा: सुई हातात घ्या. मांजरपाटाचे सहा इंची सात तुकडे कापा. एकच विषय, एकच टाका, सात प्रकारांनी. एकदा जाड दोरा, एकदा बारीक. एकदा एकच रंग, एकदा तीन. एकदा जागा भरून, एकदा मोकळी सोडून. प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागला ते मागे लिहा, कारण उद्या कॉस्टिंग करताना हाच आकडा लागणार आहे.

शेवटी सातही तुकडे भिंतीवर लावा आणि घरातल्या माणसांना विचारा, "यातला कुठला माझा वाटतो?" बहुतेक वेळा एका तुकड्याकडे सगळ्यांची बोटं जातील. तो तुमचा पहिला प्रॉडक्ट. त्याचे दहा नग करा, किंमत वरच्या पद्धतीनं काढा आणि विकायला बाहेर पडा.

आणि हो, आजी किंवा सासूबाईंची गोधडी वापरलीत, तर चिठ्ठीवर त्यांचं नाव घाला. पॅरिसच्या मंडपात चित्रकारांची नावं सांगितली गेली, आपल्या पौडच्या स्टॉलवर गोधडीवालीचं नाव का नको? ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं नाव घेतल्यानं आपली किंमत कमी होत नाही, कस्टमरचा विश्वास वाढतो.

सात तुकड्यांचा फोटो व्हिडिओच्या खाली नक्की टाका. विषय कुठला निवडलात आणि नगाला किती तास लागले, तेही लिहा. पुढच्या भागात त्यातल्याच काही कामांचं कॉस्टिंग आपण मिळून करू. कामाला लागा!